उचगावच्या डॉक्टरअक्का

"पेशंट कुटं हाय?"

आमच्या घरात त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, बसणं नाही. चपला दारात काढून त्या सरळ मोरीकडं गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, मी पुढं केलेली आईची फाईल बाजूला सारली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी उत्तर द्यायचं सोडून बघत उभी होते. साठी ओलांडलेली, ठेंगणी, सुती साडीतली बाई, खांद्याला कापडी पिशवी. डॉक्टर म्हणून मी वेगळंच कुणीतरी डोळ्यांपुढं धरलं होतं.

त्याआधीचे पंधरा दिवस माझे फोन करण्यात गेले होते. आईनं शिवाजी पेठेत चाळीस वर्षं खानावळ चालवली, त्यातली निम्मी चुलीवर. तो सगळा धूर तिच्या छातीत बसला होता. हॉस्पिटलनं दोनदा ठेवून घेतलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, आता घरीच ऑक्सिजनचं मशीन लावा. मशीन आलं. पण पायांवर सूज चढायला लागली, आई आडवी होऊ शकेना, उशांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लागला तर लागला. दुसऱ्या मजल्यावरून तिला खाली उतरवायचं म्हणजे ती जिन्यातच संपायची. "घरी येऊन बघाल का?" असं मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर एकच होतं, पेशंटला घेऊन या. एका डॉक्टरांच्या रिसेप्शनमधल्या मुलीला मी फोनवर रडत रडत विचारलं होतं, "कसं घेऊन येऊ, ते तरी सांगा." तिनं फोन ठेवला.

मग गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं एक नंबर दिला. "उचगावच्या कांबळे मॅडम येत्यात घरी. पण बोलणं सोसावं लागतंय त्यांचं."

तर त्या आल्या आणि आईच्या कॉटवर, तिच्या पायाशी बसल्या. स्टूल दिलं ते घेतलं नाही.

"काय मावशी, काय हुतंय?"

"सगळंच हुतंय," आई म्हणाली.

"सगळं न्हाय सांगायचं. एक सांगा. आज एकच बघू."

आईनं बराच वेळ विचार केला. दम, सूज, खोकला, झोप, भीती, यातलं काहीतरी सांगेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "नळीनं नाक सोलवटलंय."

त्या दिवशी त्यांनी फक्त नाक बघितलं. नळी कुठं घासते ते शोधलं, कानामागं कापूस लावला, नाकपुडीला मलम लावलं, नळी उलटी बसली होती ती सुलटी केली. अर्धा तास. जाताना मला जिन्यात म्हणाल्या, "छातीचं मला दिसतंय. त्ये काय आज पळून जात न्हाय. पर तिला दोन दिस झोप लागू दे आधी." त्या दुपारी आई बसल्या बसल्या तीन तास झोपली. मी दाराआड उभी राहून ओठ आवळून रडले.

त्यांचं नाव डॉ. विमल कांबळे. सगळे डॉक्टरअक्का म्हणायचे. उचगावात त्यांचा चांगला चालणारा दवाखाना होता, तो बंद करून त्या फक्त घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडं जायच्या. का, असं मी एकदा विचारलं. "जे पायानं येत्यात ते कुटंबी जातील की," म्हणाल्या, आणि विषय संपला. लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरात एक खोली होती. यापलीकडं त्यांच्याबद्दल फार काही मला कधी कळलं नाही, आणि कळून घ्यायला त्यांनी वावही दिला नाही.

आवाज मोठा. ज्याला नीट ऐकू येतं त्याच्याशीही ओरडूनच बोलायच्या. घरातली माणसं पेशंटच्या वतीनं उत्तर द्यायला लागली की हात वर करायच्या. "त्येला इचारलंय. त्येच्या तोंडाला काय झालंय?" चहा कुणाकडं घ्यायच्या नाहीत, पण पेशंटचं ताट समोर असेल तर त्यातली आमटी बोटानं चाखायच्या. मीठ बघायला. आमच्या घरी तिसऱ्या फेरीला आमटी अळणी निघाली, तरी सूज हलत नव्हती. त्यांनी एकवार आईकडं बघितलं आणि तिच्या पाठीमागच्या उशीत हात घातला. खोबरेल तेलाच्या जुन्या डबीत मीठ-मिरचीचा खर्डा निघाला.

"कुणी दिला?"

"कुणी न्हाय," आई म्हणाली. "शेजारणीनं."

"मावशी, ह्यानं पाय सुजत्यात."

"खानावळवाली हाय मी. अळणी खाऊन मरू व्हय?"

 अक्कांनी डबी उघडली, बोटाच्या टोकाला लागेल तेवढा खर्डा काढून आईच्या जिभेवर ठेवला आणि डबी माझ्याकडं दिली. "आठवड्यातनं एकदा. एवढाच. तू द्यायचास." आई कितीतरी दिवसांनी हसली होती.

मी शाळेतली नोकरी आईसाठी सोडली होती. त्या वर्षी पावसाळ्याआधी अक्कांची स्कूटर घसरली आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेल्या हातानं त्या रिक्षानं आमच्याकडं आल्या. माझी जुनी छोटी गाडी दाराशी उभी असायची. आईजवळ शेजारच्या काकू दुपारी बसायच्या. मी म्हणाले, "मनगट बरं होईपर्यंत मी सोडते तुम्हाला." मनगट दोन महिन्यांत बरं झालं, पण मी नंतरही सोडत राहिले. त्या मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. "बाई" म्हणायच्या, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

तेव्हा मला कळलं की आमच्यासारखी चाळीसएक घरं आहेत. कोल्हापुरात, उचगावात, पार हातकणंगल्यापर्यंत. प्रत्येक घरात एक माणूस कॉटवर, आणि एक माणूस त्याच्याजवळ, जो कॉटवरच्यापेक्षा जास्त थकलेला. दार उघडल्यावर त्या दुसऱ्या माणसाच्या तोंडावर जे यायचं ते मी ओळखायचे. ते माझंच तोंड होतं.

एका घरातून निघालं की गाडीत अक्का दोन मिनिटं काही बोलायच्या नाहीत. मग "चल" म्हणायच्या. एकदा त्या "चल" म्हणाल्याच नाहीत. मी वाट बघत बसले.

"बाई, ह्यातलं एक बी बरं हुणार न्हाय," त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय."

"मग?"

"मग काय. चल."

हातकणंगल्याला स्टेशनजवळ एक अण्णा होते, पंचाहत्तरीचे. बायकोला विसरण्याचा आजार. ती घरातून निघून जायची. दोनदा रुळांवर सापडली होती. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हातारी कॉटच्या पायाला साडीच्या पट्टीनं बांधलेली होती. मनगटावर लाल वळ.  आता अक्का त्या माणसाला सोलून काढणार, असं मला वाटलं. त्यांनी गाठ सोडली, वळांवर मलम लावलं आणि अण्णांना विचारलं, "किती दिस झालं झोपला न्हाईसा?"

अण्णांना आठवेना. ते बोटं मोजायला लागले आणि मोजता मोजताच रडायला लागले. "मुतायला गेलो तरी ही दारात जाती, मॅडम. मी काय करू? तुमीच सांगा, काय करू?"

"झोपा," अक्का म्हणाल्या. "मी बसतो हितं."

आमच्याकडं बायकाही येतो, बसतो असंच म्हणतात. अण्णा शेजारच्या खोलीत जमिनीवर आडवे झाले आणि दगडासारखे झोपले. दोन तास अक्का त्या म्हातारीबरोबर खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या. ती दाराकडं गेली की तिचा हात धरून वळवायच्या. ती शिव्या द्यायची, अक्का "व्हय व्हय" म्हणायच्या. त्या दिवशीची बाकीची घरं राहिली.

अण्णांचा मुलगा पुण्यात. अक्कांनी त्याला माझ्यासमोर चार वेळा फोन केला. पहिल्या वेळी समजावून, शेवटच्या वेळी ओरडून. तो यायचं म्हणायचा आणि यायचा नाही. दर फेरीला पट्टी पुन्हा बांधलेली असायची आणि अक्का ती सोडायच्या. पाचव्या फेरीला त्यांनी पिशवीतून जुन्या मऊ सुती साडीचे पट्टे काढले, आत कापूस भरून शिवून आणलेले. अण्णांना शेजारी बसवलं आणि दोन बोटं आत जातील अशी सैल गाठ कशी घालायची ते शिकवलं. "वळ तरी उठायचं न्हाईत."

गाडीत त्यांनी "चल" म्हणायला त्या दिवशी बराच वेळ लावला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "बांधायला शिकवून आलो मी. डॉक्टर म्हणं."

एकाच घरात मात्र त्या जेवायच्या. उचगावात, त्यांच्याच गल्लीत. बाबूराव म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचं आयुष्य फौंड्रीत साचे घालण्यात गेलेलं. तिथल्या वाळूची धूळ छातीत भरून फुप्फुसं दगड झालेली, त्यांनाही ऑक्सिजनचं मशीन. अक्का कॉलेजात गेल्या तेव्हा बाबूरावांनी स्वतःची सायकल त्यांना दिली होती आणि पुढची दोन वर्षं स्वतः कामावर चालत गेले होते. ते अक्कांना "इमल" म्हणायचे, त्या त्यांना बाबूदादा. सोनावहिनी, त्यांची बायको, आम्ही पोचलो की काही न विचारता तव्यावर भाकरी टाकायची. अक्का तिथं जमिनीवर मांडी घालून पिठलं-भाकरी खायच्या आणि बाबूराव नळी लावलेल्या नाकानं हसत म्हणायचे, "डॉक्टर झाली तरी खाणं तसंच हाय हिचं, हमालावानी."

मग तो पूर आला.

कोल्हापूरला पूर नवा नाही, पण त्या वर्षी पाणी थांबेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या शहराची वीज गेली. पेठेतली गेली, उचगावातलीही. मशीन विजेवर चालतं. आमच्याकडं एक छोटी टाकी राखीव होती, बाबूरावांकडंही एक. दोन्ही दुपारपर्यंत पुरणाऱ्या. टाक्या भरून मिळायच्या त्या गोदामात छातीएवढं पाणी. एका हॉस्पिटलात तळमजल्यावर पाणी शिरलेलं, तिथलेच पेशंट बाहेर काढत होते. दुसऱ्यानं दारातूनच हात जोडले. अक्का सकाळपासून माझ्या गाडीत बसून फोन लावत होत्या. एका हातात त्यांचा फोन, दुसऱ्यात माझा. तीसएक ठिकाणी तरी लावले असतील. शेवटी राजारामपुरीत एका घरी, जिथला पेशंट महिन्यापूर्वीच गेला होता, तिथं एक मोठी टाकी निघाली. भरलेली. एकच.

ती दोन माणसांनी उचलून मागच्या सीटवर आडवी ठेवली. मी गाडी सुरू केली. उजवीकडं गेलं की उचगाव, डावीकडं शिवाजी पेठ. उचगावच्या वाटेवरचा ओढा अजून पुलाखाली होता, पण वीतभर राहिला होता. तिकडं गेलो तर परत येता येणार नव्हतं, आणि इकडं आलो तर तिकडं टाकी नेता येणार नव्हती. हे दोघींनाही माहीत होतं. इंजिन चालू होतं, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी एक अक्षर बोलले नाही. बोलायला हवं होतं का, आणि काय, ते मला आजही सांगता येत नाही. पण मी त्यांच्याकडं बघितलं. ते मला आठवतं. मी त्यांच्याकडं बघितलं.

"पेठेत घे," अक्का म्हणाल्या.

आईला टाकी लागली. ओठांचा निळा रंग गेला. अक्कांनी दहा मिनिटं थांबून सगळं बघितलं आणि पिशवी उचलली. "तू आईजवळ बस," म्हणाल्या. ओढा तोवर पुलावरून वाहत होता. त्या रेल्वेच्या रुळांवरून चालत उचगावला गेल्या. साठी ओलांडलेली बाई, भर पावसात, खडीवरून.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, दोनेक आठवड्यांनी, गाडीत, समोरच्या काचेकडं बघत.

बाबूरावांची छोटी टाकी त्या पोचायच्या आधीच संपली होती. ते कॉटवर पुढं वाकून बसले होते आणि सोनावहिनी पुठ्ठ्यानं वारा घालत होती. अक्का दारात आल्यावर दोघांनीही आधी त्यांच्या मागं बघितलं. टाकी कुणी आणतंय का ते.

"इमल, टाकी?"

"मिळाली हुती एक. पेठेत दिली, दादा."

हे सांगायची गरज नव्हती. मिळालीच नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मी तसं म्हणाले. अक्का म्हणाल्या, "दादाला खोटं सांगू व्हय?"

 बाबूरावांनी तोंड भिंतीकडं केलं. अक्कांनी घुसमट जाणवू नये म्हणून इंजेक्शन दिलं, खिडक्या उघडल्या, त्यांच्या पाठीला स्वतःची पाठ लावून टेकू देऊन बसल्या. तीन तास. त्यांच्या पाठीला दादाचा प्रत्येक श्वास लागत होता, तो कमी कमी होत गेला. चारच्या सुमाराला थांबला. सोनावहिनीनं पुठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, "आमी तुजं काय वाईट केलतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली.

मी गाडीत बसून हे ऐकलं आणि जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "मी गाडी चालवत नसते, तर?"

 "दादाच्या छातीत काय उरलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. "टाकीनं त्येला एक दिस मिळाला असता. तुज्या आईला जास्त मिळणार हुतं. हे मी हिशेब लावून केलं." मग थांबून, "आसं मी मला सांगतो."

आईला चार महिने मिळाले. टाकी कुठून आली हे तिला मी कधी सांगितलं नाही. थंडीत एका दुपारी, काकूंशी बोलता बोलता ती गेली. अक्कांनी येऊन नाडी बघितली, डोळे मिटले, नळी काढली. नाक कुठं सोललंय का ते बघितलं. सोललेलं नव्हतं.

उचगावात मात्र अक्कांना कुणी माफ केलं नाही. आपला माणूस सोडून पेठेत टाकी दिली, हे गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी होतं. सख्खा भाऊ चार दिवस बोलला नाही. बाबूरावांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला अक्का गेल्या, तर शेजारी बसलेल्या बायका उठून दुसरीकडं बसल्या. सोनावहिनीला साखरेचा आजार. अक्का दर गुरुवारी रक्त तपासायला तिच्या दारात जायच्या; आई गेल्यावरही गाडी मीच चालवत होते. आतून कडी असायची. एकदा कडी वाजवायच्या, थोडं थांबायच्या आणि गाडीत येऊन बसायच्या. मी एकदा म्हणाले, "कशाला जाता?" त्या म्हणाल्या, "तिला साखर हाय."

जवळजवळ वर्ष असं गेलं. मग सोनावहिनीच्या टाचेला जखम झाली आणि चिघळली. दोन्ही मुली लग्न होऊन लांब. पाय टेकवेना, आणि ड्रेसिंगला घरी कोण येणार? एका गुरुवारी कडी निघाली. वहिनी दार उघडून, भिंतीला धरत परत आत गेली. त्यानंतर एक दिवसाआड अक्का तिथं जायच्या. मी गाडीतच थांबायचे. आत जायचं धाडस मला नव्हतं. ती टाकी माझ्या आईला लागली होती, हे वहिनीला माहीत होतं.

मी माझ्या भावाकडं बंगळूरला गेले असताना अक्का गेल्या. एका पेशंटच्या जिन्यात खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मला फोनवर कळलं. परत आल्यावर त्यांच्या भावाला भेटले. अक्कांचा फोन त्यानं बंद केला नव्हता, तो वाजतच होता. माझ्यासमोर दोनदा वाजला. भाऊ म्हणायचा, "अक्का न्हाईत आता." समोरून कुणीतरी विचारायचं, "मग कवा येतील?" तो पहिल्यांदा समजावून सांगत होता. दुसऱ्यांदा त्यानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडं हातकणंगल्याचे अण्णा होते. 

मी त्यांना शेवटचं बघितलं ते बंगळूरला जायच्या आदल्या दिवशी. सोनावहिनीकडं जाताना त्या बँडेजचा खोका गाडीत विसरल्या होत्या. थोडा वेळ वाट बघून मी तो घेऊन दारापर्यंत गेले. वहिनी कॉटच्या काठावर बसलेली, तोंड भिंतीकडं. अक्का खाली फरशीवर, तिचा पाय मांडीवर घेऊन जखम धुवत होत्या. दोघींत एक शब्द नाही. कोपऱ्यात बाबूरावांचं मशीन, वर टॉवेल टाकलेला. मी खोका उंबऱ्याच्या आत ठेवला आणि मागं वळले, तेवढ्यात वहिनी बोलली. अक्कांशी नाही, माझ्याशी. तोंड तसंच भिंतीकडं.

"ओ बाई. हिला सांगा, दुखतंय म्हणावं."

मी उभीच राहिले. सांगायची गरजच नव्हती, अक्का हातभर अंतरावर होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातला ओला कापूस तसाच धरून विचारलं, "कुटं, वहिनी?"

 अक्का तो पाय तळहातावर तोलून धरून वाट बघत बसल्या.